लॉग फाईलची राखीव जागा

चहा पाजा, पण कॉम्प्युटरचं नाव काढू नका. डिचोलीला खनिजाच्या वजनकाट्यावर आमच्याकडे प्रत्येक ट्रकचं वजन आधी डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, उतरतं. म्हणून मी लॉगसाठी डिस्कवर भरपूर जागा आधीच अडवून ठेवली होती.

मी रजेवर असताना आमच्या शेटनी ती बघितली. "आत काय नाय, मगे इतकी जागा कित्याक खाता?" म्हणाले, आणि फाईल बारीक करायला लावून तिथे जत्रेच्या नाटकाचे व्हिडिओ भरले. लॉगला वाढायला जागाच उरली नाही. काटा बंद पडला, मुळगावपर्यंत ट्रक तुंबले, आणि ड्रायव्हरांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी शेटना म्हटलं, "जत्रेत पुढच्या खुर्चीवर दुपारपासून तुमचा टॉवेल असतो. तीही रिकामीच असते ना?"

"असता. पण थंय शेट येतलो, ही सगळ्यांक खबर असता. तुझ्या लॉगाक कोण वळखता?"

शेवटी पुन्हा जागा अडवली आणि फाईलला शेटचं नाव दिलं. तेव्हापासून कोणी हात लावत नाही. एवढ्यासाठी इंजिनीअर झालो रे मी!