एक काळं बटण

—अहो, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडे या, खिडकीपाशी. हां, बसा. मी उभीच बरी. उद्या रविवार, सगळ्या खुर्च्या गोलात मांडायच्यात आणि हात एकाच बाईचे. काय म्हणालात? पाळक? पाळक नाहीत हो आमच्याकडे सध्या. अकरा महिने झाले. लग्न लावायचंय, ते कळलं मला, पण तेच पाळक हवेत असं काही आहे का? आमच्यात कोणीही उभं राहून बोलू शकतं. गेल्या रविवारी दातांचे डॉक्टर बोलले – पाऊण तास, आणि फिरून फिरून दाढेवरच. काय? तुमच्या मैत्रिणीचं लग्न त्यांनी लावलं होतं? असेल. बरीच लावली त्यांनी. ज्यांना कुठे कोणी दारात उभं करत नाही त्यांची तर सगळीच. पत्ता? पत्त्याचं बघू. आधी पाणी घ्या. किती वाजले हो? हे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्याच्यावर जाऊ नका.

आम्ही नेमकं काय मानतो? हे बरं विचारलंस – तू म्हणते हं, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. युनिटेरियन म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात, मग म्हणतात, म्हणजे ख्रिस्तीच ना? तर हो आणि नाही. देव एक. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एक, हे आमच्या पूर्वजांना काही केल्या पटलं नाही. येशू? मोठा माणूस, गुरू, त्याच्या पावलावर पाऊल टाकावं असा – पण माणूस. आणि गंमत म्हणजे, हेसुद्धा तू मानलंच पाहिजेस असं नाही! इथे कोणी तुझ्याकडून 'मी अमुक मानते, तमुक मानते' असं वदवून घेत नाही. त्या वहीत सही केलीस की झालीस मंडळीतली. देव मानणारे आहेत, न मानणारे आहेत, आणि आमचे चष्मेवाले काका आहेत – ते हिवाळ्यात मानतात, उन्हाळ्यात नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ना, आमच्यात व्यक्ती सदतीस आणि प्रकृती शंभर तरी भरतील. तेव्हा तुझा नवरामुलगा कुठल्या धर्माचा, त्याची आई काय म्हणते, तुझे वडील बोलायचे का थांबले, हे इथे कोणी विचारणार नाही. विचारलंच तर मी, आणि तेही नुसत्या चौकसपणापोटी.

तो पेला ना? त्यात ज्योत लावतो आम्ही, सुरुवातीला. मग कोणी बोलतं, कोणी गातं, आणि मग त्या वाळूच्या परातीत मेणबत्त्या. ज्याला वाटेल त्याने उठायचं, एक लावायची आणि आपलं सुख नाहीतर दुःख सांगायचं. मुलगा पास झाला, गुडघा दुखतो, बायको आठवते – काहीही. नाही सांगायचं तर नुसती लावायची आणि बसायचं. मी नुसतीच लावते. अकरा महिने दर रविवारी एक, तोंडातून शब्द नाही. ऑर्गन वाजवणारी म्हणते, काय ग, तुझं दुःख संपत नाही का? मी म्हणते, गुडघा.

नाही, पत्ता देते की, कुठे पळून चाललाय का तो – म्हणजे ते. पळून नाही, पण चालले आहेत खरे. आज. पाचच्या गाडीने. दुसऱ्या गावच्या मंडळीने बोलावलंय. म्हणून म्हटलं, आता त्यांना कशाला त्रास.

बस ना. उठू नकोस. एवढ्या लांब आलीस तर ऐकून जा, कोणाच्या घरात लग्न करतेस ते कळायला नको? रविवारी सकाळी लहान मुलांना मीच शिकवते हे. चार-साडेचारशे वर्षं झाली. एक वैद्य होता, त्याने पुस्तक लिहिलं की देव तीन नाहीत. त्याला जिवंत जाळला, त्या पुस्तकासकट. मुलं विचारतात, पुस्तक पण? मी म्हणते, पुस्तक आधी. मग एक राजा झाला, त्याने सरळ फर्मान काढलं – ज्याने त्याने आपल्या बुद्धीला पटेल ते सांगावं, त्यासाठी कोणी कोणाला छळायचं नाही. त्या काळात! राजाला ते समजावणारा होता आमचा पहिला पाळक. पण राजा मेला, नवीन आला, आणि पाळक काही थांबेना – एक पाऊल आणखी पुढे, आणखी एक. म्हणाला, येशूची प्रार्थनासुद्धा नको, प्रार्थना फक्त देवाची. झालं! किल्ल्यात कोंडला, तिथेच गेला बिचारा. आणि त्याच्यावर तक्रार कोणी केली? परक्याने नाही. त्याच्याच जिवाभावाच्या सोबत्याने, इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभा होता त्याने. हे आलं ना, की मी पान उलटते. मुलांना म्हणते, चला, गाणं म्हणू या.

काय म्हणालीस, पाळकांना का काढलं? काढलं म्हणजे असं – तुला काय सांगितलंय मैत्रिणीने, भांडण झालं म्हणून? छे, भांडण असतं तर बरं होतं. आमच्यात दर तीन वर्षांनी मत घेतात, पाळक राहावेत की जावेत. इथली पहिली मंडळी सगळी शिंप्यांची, त्यामुळे मत कागदावर नाही, बटणावर. प्रत्येकाला एक पांढरं, एक काळं. पिशवीत हात घालायचा आणि एक सोडून यायचं. पांढरं म्हणजे राहा. पिशवी मी शिवलीय, माझ्या आधीची आईने. इतकी वर्षं काय निघायचं? सगळी पांढरी. नंतर सरबत. त्या दिवशी मी परातीत ओतली – पांढरी अठरा आणि काळी एकोणीस.  तो पाळकच पुढे आला, सगळी बटणं पुन्हा पिशवीत भरली, म्हणाला, मंडळीचा निर्णय आहे, आणि खुर्च्या उचलायला लागला.

आता ऐक, यातली खरी मेख. मी शिवते ना, घरोघरच्या बायका-माणसं मापाला येतात. टेप गळ्याशी लावला की माणूस बोलतो, का कोण जाणे. महिनाभरात एकेक येऊन सांगून गेलं. चष्मेवाले काका म्हणाले, मी आपलं एक काळं टाकलं, फक्त टोचावं म्हणून, बाकीचे सगळे पांढरंच टाकणार होते ना! डॉक्टर तेच. ऑर्गनवाली तर रडली, म्हणाली, निदान एक तरी काळं दिसू दे त्याला असं वाटलं. मोजले मी – अकरा जण, अकरांचं तेच वाक्य. आम्ही! ज्यांना आयुष्यभर अभिमान, की आमच्यातला प्रत्येकजण आपापल्या डोक्याने विचार करतो! प्रत्येकाने केला की हो, आपापल्या डोक्याने, आणि सगळ्यांचं डोकं एकाच ठिकाणी जाऊन पोचलं. काढायचं कोणालाच नव्हतं. आणि वर्षाच्या आत एकाने जरी उभं राहून म्हटलं, मी चुकलो, पुन्हा मत घ्या, तर घ्यावं लागतं, तसा नियम आहे. पण मीच का म्हणू? दुसरा म्हणेल की. असं करत अकरा महिने.

कशाबद्दल टोचायचं होतं? आईच्या मातीच्या वेळेबद्दल. आई म्हणजे – अग, माझी. त्याचीही. धाकटा भाऊ आहे तो माझा. आता कळलं तर कळलं. आई गेली, आणि हा इथे, या ज्योतीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, आई देवाजवळ गेली असं मला म्हणता येत नाही, ती कुठे गेली ते मला माहीत नाही, मला खोटं बोलवत नाही. सगळ्यांसमोर! अरे, एक दिवस म्हणायचं होतंस. आईसाठी नाही तर माझ्यासाठी. चार वर्षं तिचं अंथरूण मी काढलं, मी भरवलं, आणि शेवटी मला काय मिळालं, तर माहीत नाही! खरं बोलला ग तो. आम्ही दर रविवारी जे सांगतो तेच त्याने केलं, मनाला पटेल तेवढंच बोलला. आणि मला ते सोसलं नाही. त्या वैद्याला जाळणाऱ्यांना मी उठता-बसता नावं ठेवते.

तर तीन आठवड्यांनी मतदान. माझी बोटं अंधारातसुद्धा बटण ओळखतात, तेव्हा चुकून पडलं असं म्हणायचीही सोय नाही. मला वाटलं, एकच निघेल. परातीत छत्तीस पांढरी आणि एक काळं, आणि त्याला रात्रभर झोप येणार नाही, कोणाचं म्हणून. एवढंच.

बोलत नाही असं कुठे? बोलतो की. दर बुधवारी जेवायला येतो माझ्याकडे, भांडी घासून जातो. हा गेला तो शेवटचा बुधवार. निघताना दारात थांबला. म्हणाला, ताई, मला राग नाही कोणाचा. अठरा पांढऱ्यांतलं एक कोणाचं होतं ते मला पक्कं माहीत आहे, तेवढ्यावर निभावलं माझं वर्ष. आणि म्हणाला, गाडीवर येशील ना? मी म्हटलं, शनिवारी खुर्च्या मांडायच्या असतात.

रडत नाहीये, धूळ आहे इथे. वर्षभर कोणाला बोलले नाही, आणि तुझं नावही मला माहीत नाही.

किती वाजले? खरं सांग, तुझ्या घड्याळात बघून. चार वीस? हे बघ, पत्ता तुला लागणारच नाही. म्हणजे, मीच जाते, अजून घरीच असेल तो. तू नको येऊस. तू गेलीस तर तो तुझ्या लग्नाचंच बोलत बसेल, तारीख विचारेल, हसेल, आणि गाडी निघेल. तुझं सांगते मी त्याला, तो राहिला तर लावेल. आधी मला बोलू दे. उद्या इथे सगळ्यांसमोर 'मी चुकले, पुन्हा मत घ्या' असं म्हणायचंच आहे, पण आधी त्याला. माझी चप्पल – ही बघ पायातच आहे. रागावेल का ग? रागावू दे. फक्त दार उघडल्या उघडल्या तो 'ताई' म्हणेल, तेवढं एकदा ऐकून घेते. मग सांगते.

ऊठ. कुलूप लावायचंय मला, ऊठ म्हटलं ना.