पत्र्यापल्याडची अंगाई

कुंडलच्या एसटीत बाळाला थोपटत साक्षी शेजारच्या दगडाबाई आणि बनुबाईचं बोलणं ऐकत होती.

"बनुबाई, गावात काल ऑपेरा का काय झाला म्हनं?"

"अरबी सूर आन् इंग्रजी व्हायोलिन मिसळून गायचं नाटक. बायांचं कुनी ऐकत न्हाई, त्याच्यावर हुतं."

"सरपंच बोलले आसतील."

"लय. बायांनी पुढं यावं म्हनले."

"मग तुमी पुढंच बसला आसाल."

"न्हाई गं. आमी मागं पत्र्याच्या शेडात, कलाकारांच्या भाकऱ्या थापत हुतो."

"आवं, तुमची लेक सोनिया गानार हुती न्हवं?"

"अरबी अंगाई गायली. पत्र्यापल्याडनं आली तेवढी ऐकली."

बनुबाई ती गुणगुणू लागली. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ वळले.

"मावशी, जरा हळू."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हणा आत्ती," साक्षी म्हणाली, "बाळ ऐकतंय."