मालकांची कातडी आन् ऊन

...आन् मुकादम मलाच म्हनतो, 'उनानं कुनाला काय होतंय, गंगम्मा?' आवो, तुमाला सांगते, तुमाला-मला होत न्हाय, आपली कातडी आधीच भाजून निघालेली! पन आमचे मालक? नाव घेऊ न्हाय, पन घेते, धोंडप्पा... जलमापासनं पांढरेफटक! केस पांढरे, पापन्या पांढऱ्या, उजेडात डोळे किलकिले. लगीन ठरलं तवा आई म्हनली, 'गोरा जावई गावला गं बाई!' गोरा! असला गोरेपना देवानं कुनाला दिऊ न्हाय!

बहात्तरचा दुष्काळ. लोहाऱ्याच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं, समदा गाव खडी फोडाया, आन् सावली म्हनाल तर एकच, तान्ह्या लेकरांसाठी ठोकलेलं पाल. मालकांच्या पाठीची सालं निघायची, फोड यायचे, पालथं पडून कन्हायचे. म्या मुकादमाला म्हनलं, 'दादा, ह्यांची खडी म्या फोडते, ह्यांना पालात बसवा, लेकरं राखतील.' बसवलं की हो त्यानं! आन् लई ग्वाड राखायचे, मांडीवर एक, खांद्यावर एक... पन गडीमानसं गप बसत्यात व्हय? 'ए धोंडव्वा, माझ्या लेकराला पाज की गं!' समदे खो खो खो! दुसऱ्याच दिवशी मालकांनी हातोडा उचलला. म्हनलं, 'आवो, हसू द्या त्यांना, तुमी बसा!' तर मलाच उलटं, 'उनानं कुनाला काय होतंय?'

पाऊस आला, दुष्काळ सरला, पन मालकांच्या कानावर फोड फुटून जखम झालेली, ती काय सरंना! खपली धरायची, गळायची, परत रगत. सासूबाईंनी हळद भरली. म्हनल्या, 'उनानं कुनाला काय होतंय? माशी चावली असंल.' माशी! वर्सानुवर्सं एकच माशी? कान सुजून भजं झाला तवा सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हनला, 'कॅन्सर आहे बाई. यांच्या कातडीत रंगच नाही, ऊन सरळ आत जातं. लहानपणापासून झाकून ठेवायला हवं होतं.' झाकून! शेतकऱ्याचं पोर, कशात झाकायचं, डबीत? तिकडं कान कापला, इकडं मानंत गाठ आली.

मग मातुर म्या उंबऱ्याभायेर सोडलं न्हाय. खिडकीला पोतं लावलं, दार वडून घ्यायची. मालक आपले अंधारात भिताडाकडं बघत...

आन् परवा, ऐन वैशाखात, म्हनले, 'गंगू, थंडी वाजतीया. बाज अंगनात टाक.'

म्हनलं, 'उनात? आन् डॉक्टर काय म्हनला?'

'आता काय व्हायचं ऱ्हायलंय?'

टाकली बाज. नुसती हाडं वो, डोळे मिटून पडले, पन तोंडावर असं समाधान... माझ्याच्यानं बघवंना. म्या जाऊन हुबी ऱ्हायले आडवी, माझी सावली तोंडावर पडंल अशी.

डोळे न उघडताच म्हनले, 'बाजूला हो गं. लई दिसांनी बरं वाटतंय.'

झाले बाजूला.