चार शाखांचं दुकान

माझे वडील जालन्याकडचे, पण मी जन्मली मानखुर्दला. दहावीला गचकली आणि वडिलांनी मला घाटकोपरच्या दुकानात चिकटवलं. दुकान म्हणजे साधं नाय हां, तीन माळ्यांचं, सुईदोऱ्यापासून शालूपर्यंत सगळं एका ठिकाणी, बाहेर मोठी पाटी, नवलाई नावाची. नंतर मुलुंड, भांडुप, मालाड, घाटकोपर धरून चार शाखा झाल्या. लग्न ठरलं की लोक पत्रिका छापायच्या आधी आमच्याकडे यायचे. दिवाळीत तर काय सांगू तुम्हाला, वॉचमन शटर अर्धं पाडून वीस-वीस माणसं आत सोडायचा, आणि बायका बाहेरून ओरडायच्या, मंगल, मला घे गं आत.

मी शाळेच्या युनिफॉर्मच्या काउंटरला. पोराकडे नुसतं बघून साइज सांगायची, टेप लावायची गरजच नाय. मोठे शेठ, म्हणजे आमचे मालक, नवीन मुलींना माझ्यासमोर उभं करून बोलायचे, हिला बघून शिका.

बाजूच्या काउंटरला शकू, भांडुपची, मूळची कोकणातली. आमची जात कळल्यावर बाकीच्या मुली जेवताना डबा बाजूला सरकवायच्या, शकूने कधी नाय सरकवला, माझ्याच डब्यात हात घालायची. तिचा डावा कान गेलेला, उजवा पण कमी होत चाललेला. हे फक्त मला माहीत. गिऱ्हाईक काय मागतंय ते मी तिला खुणेने सांगायची, वर्षानुवर्षं, कोणाला पत्ता लागू दिला नाय.

मग मोठ्या शेठना अर्धांगाचा झटका आला आणि मुलगा गादीवर बसला. त्याला दुकानाचा मॉल करायचा होता. काउंटर काढले, सगळीकडे काचा लावल्या, आमचं जुनं गिऱ्हाईक आत यायलाच घाबरायला लागलं, हात लावू की नको. त्यात लोक मोबाइलवर कपडे मागवायला लागले. मालाड बंद झालं, मग मुलुंड, मग भांडुप. एक दिवस छोट्या शेठने मला केबिनमध्ये बोलावलं, बस पण नाय बोलला. बोलला, तुमच्या वयाची एकच बाई ठेवणार, तू नायतर शकू, तूच सांग.

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. पण खरं सांगू, मी तेवढा विचार पण नाय केला हो. पटकन बोलली, शकूला ऐकू येत नाय.

त्याने लगेच तिला बोलावलं. भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि मागून हळू बोलला, शकुंतला, इकडे ये. ती हलली नाय. परत बोलला, तरी नाय. दारात जमलेला स्टाफ हसायला लागला, एकाने टाळी वाजवून बघितली. तेव्हा ती वळली, आणि बाकी कोणाकडे नाय, माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

मला ठेवलं, किती, तर आठ महिने. मग घाटकोपर पण गेलं. शेवटच्या सेलला लोकांनी शोकेसमधल्या पुतळ्यांच्या अंगावरच्या साड्या ओढल्या, हात तुटून पडले. ज्या बायका मला हाका मारायच्या त्यातलीच एक बोलली, अजून कमी कर ना मंगल, मरायला टेकलंय तुझं दुकान. नवरा पण त्याच साली गेला.

शकूकडे गेलेली मी, माफी मागायला. मी दारातच बोलायला लागली, तर ती बोलली, मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाय, शेजाऱ्यांना पण कळू दे काय केलंस ते. माझ्याने नाय झालं. परत आली.

आता मी मोठ्या शेठना सांभाळते, मुलुंडला, सकाळी आठ ते रात्री आठ. पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. मुलगा परदेशात. यांना काय आठवत नाय, रोज विचारतात, मंगल, आज गर्दी कशी आहे? मी बोलते, पाय ठेवायला जागा नाय शेठ. खूश होतात. पण एखाद्या दिवशी माझं डोकं फिरतं, मग सांगते, तुमच्या पोराने सगळं विकलं, तिथे आता जिम आहे. लहान मुलासारखे रडतात, आणि मी बघत बसते, डोळे पण पुसत नाय त्यांचे. दुसऱ्या दिवशी विसरलेले असतात, परत विचारतात.

पाप आहे, कळतं मला. तुमचं चांगलं होवो बाबा, तुम्ही ऐकून तरी घेतलंत. आत झोपलेत ते, आज अजून विचारलं नाय. बघू, माझ्या तोंडात काय येतं ते.