चिनी कुस्तीचा निकाल

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? गेले चार दिवस महाद्वार रोडवरनं मान वर करून चालता येईना मला! भाजीवाली झुंबरबाई वांगी तोलता तोलता विचारते, "तात्या, जिकलं कोण वो?" मला काय ठाऊक? अहो, मी फक्त शिट्टी वाजवली!

तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. सारी हयात कुस्तीचा पंच म्हणून गेली, तिथं शिट्टीच बोलायची, मी कशाला बोलतोय? तर पुतण्या श्रीपाल म्हणाला, "काका, चिनी मारामारीचा पिक्चर लागलाय, चला की!" गेलो. गळ्यात शिट्टी तशीच... सवयच ती, काढतो कोण?

पिक्चरमध्ये एक म्हातारा वस्ताद, आणि त्याचाच चेला त्याच्यावर उलटलेला. शेवटाला वस्ताद मातीत पडलाय, ओठातनं रक्त, आणि चेल्यानं पाय उचललाय हा एवढा, थेट छातीवर घालायला! पडलेल्या माणसावर? ज्यानं लहानाचं मोठं केलं त्याच्यावर? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो, आणि हात आपोआप गळ्याकडं गेला... फुर्रर्र!

आणि पिक्चर थांबला! पाय हवेत तसाच, वस्ताद खाली तसाच, वर अक्षरं, दिवे लागले, खलास! पिक्चरचा शेवटच तसा, अर्धवट! पण लोकांना वाटलं, मीच कुस्ती सोडवली. "कोन हाय रं त्यो पंच? काढा भाईर त्याला!" खुर्च्या आपटायला लागले, आणि आमचा श्रीपाल? लांब जाऊन उभा, जसा काय मला ओळखतच नाही! अहो, मी फक्त शिट्टी वाजवली!

दुसऱ्या दिवशी तालमीचे हंबीरराव दारात. "तात्यासो, निकाल न देता कुस्ती थांबवलासा? आयुष्यात कधी केलं न्हाईसा आसं! तालमीत पोरं दोन गट पाडून भांडाय लागल्यात. पाय पडला का न्हाय, बोला!"

मी हळूच म्हटलं, "पडला नसेल हो... पोराला शेवटी दया आली असेल."

केवढ्यानं हसले! "दया? आन् कुस्तीत?" त्यात आतनं आमची प्रभावती, "ह्यास्नी घरातलं झुरळ मारवत न्हाय, ह्यास्नी काय इचारताय!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंच म्हणून माझा शब्द कुणी मोडत नव्हतं हो या गावात...

म्हणून काल टोपी डोळ्यांवर ओढून पुन्हा गेलो, एकटाच. म्हटलं, नीट बघू, त्या पोराच्या डोळ्यांत तरी काही दिसतंय का. बघतोय, बघतोय... पाय उचलला, थांबला, आणि तुम्हाला सांगतो, पडद्याकडं कुणी बघेचना! सगळं थेटर वळून माझ्याकडं! "तात्या, निकाल!"

काय करणार? उठलो, दोन्ही हात वर केले. "बरोबरी!" आणि लोक, देवाशपथ सांगतो, मुकाट्यानं उठून घरी गेले! मी लाजेनं भिंतीकडंनं सटकतोय, तर डोअरकीपरनं गाठलंच, "तात्या, उद्या तीनच्या खेळाला बी या. निकालाबिगर लोक उठंनात."

...अडीच वाजले का हो? निघतो मग.