तीन टिचक्या

नाही नाही, हितेंद्रभाई, डिस्क आत्ता कुठे लावून बघितलीत, एवढ्यात मान हलवू नका — आधी ही वही बघा. सगळं तारीखवार आहे. चार महिने लिनक्स शिकतोय मी, एकटा, त्रेपन्नाव्या वर्षी. हे पहिलं पान — 'फोल्डर बनवणे', आणि हे दुसरं — 'बनवलेला फोल्डर सापडत नाही'. हसा, हसा, आमच्या मिसेसही हसतात. बकुळा म्हणते, पोथीला बसल्यासारखे काय बसता त्या काळ्या पडद्यापुढे, प्रसाद कधी वाटणार? पण मी फणसवाडीत छापखान्यात प्रुफं तपासतो, सव्वीस वर्षं — मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, अक्षर न् अक्षर ताडायचं. लिनक्समध्ये तरी दुसरं काय आहे? कॉम्प्युटरला कमांड अक्षर न् अक्षर टाइप करून द्यायची, एक टिंब चुकलं की ते ऐकत नाही. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

कशाला शिकलो? कॉम्प्युटर जुना, त्यावर दुसरं काही धड चालेना, हे एक — आणि अप्पांसाठी. वडील माझे, लालबागला आमच्याकडेच असतात. गिरणीत साच्यावर होते, कापड विणायचे, त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, ती घरातही गेली नाही — आमच्याकडे आज बांगडे आहेत हे अख्ख्या माळ्याला कळायचं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं, म्हणून मी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला — अकरा दिवस, एकूण चार तास सात मिनिटं. फोन पुढे धरला की म्हणायचे, "अरे, मी काय भाषण करूक इलंय?" — आणि मग थांबायचेच नाहीत. ते सगळं ह्या डिस्कवर. फोनमधलं? फोन भरला होता हो, काढून टाकलं. रोज दुपारी जेवण झालं की ऐकतात, स्वतःचाच आवाज. बकुळा लावून देते, ती बाहेर असली की खोळंबून बसतात. म्हटलं, अप्पांनी एक बटण दाबावं आणि चालू व्हावं, कोणाची वाट बघायला नको — एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अहो, एकच प्रत ठेवू नये हे मलाही कळतं — म्हणूनच तर दुसरी डिस्क आणली! सेकंडहँड. कोणाकोणाच्या घरचे फोटो असतील त्यात, म्हटलं आधी धुऊन काढू. वरवर नाही — पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं भरायची. शनिवारी बघितलं, मशीन कुठल्या डिस्कला काय नाव देतं. हे बघा, लाल शाईत — अप्पांची 'बी', सेकंडहँड 'सी'. रविवारी मशीन परत चालू केलं, 'सी' पुसायची कमांड वहीतून उतरवली, तीनदा ताडली. बरोबर होती. आत्ताही बरोबर आहे! फक्त रात्रीत नावं बदलली — अप्पांची झाली 'सी'. मशीन चालू होताना जी डिस्क आधी जागी होईल तिला आधीचं अक्षर — असेल, पुस्तकात असेलही, मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. पण आमच्या चाळीत खोली सतरा म्हणजे सतरा. माणसं बदलतात, नंबर दारावर तोच. शेजारचा आधी उठला म्हणून सतराची अठरा होते का कधी?

आणि विचारलंसुद्धा नाही मशीनने, नक्की का म्हणून. अडीच तास चाललं. मी समोर बसून दर पंधरा मिनिटांनी लिहीत होतो, किती पुसून झालं ते — हे काय, इथे आहे. दुसरा कोणी कंटाळून मध्येच बंद करून उठला असता, तर अर्धे अप्पा उरले असते, नाही का? … उरले असते. हं.

त्यात काय होतं? आहे ना, तेही लिहिलंय — दिवस तिसरा, एकवीस मिनिटं, दोनदा खोकला, पाण्यासाठी थांबले. दिवस चौथा, चाळीस मिनिटं. नाही, बोलले काय ते नाही लिहिलं. ते आवाजात आहेच की, म्हटलं. मी समोरच होतो, होतो ना — पण मी फोनवरचे आकडे बघत होतो, आवाज नीट येतोय का, रस्त्यावरचे हॉर्न येतायत का. नंतर एक दिवस रजा काढून सगळं सावकाश ऐकायचं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी माझ्याबद्दल काहीतरी बोललेत — बकुळा कितीदा म्हणाली, अहो, ऐका एकदा. काय ते तिला विचारलं नाही. आता विचारलं तर तिला कळेल. घरी सांगितलंय, मशीन दुरुस्तीला टाकलंय. आज तिसरा दिवस.

तुम्ही अजून एकदा लावून बघा ना. नुसतं एकदा. दुसऱ्या वायरने —

थांबा हं, अप्पांचा फोन. बोलता येत नाही ना, फोनवर नखाने टिचक्या मारतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नको. हां अप्पा, दुकानातच आहे… जेवलात?… औषध?… हां.

ऐकलंत? तीन. तीन म्हणजे लाव.

हो अप्पा… हो, ऐकू आलं… हो.

द्या ती डिस्क इकडे. नको, पिशवी नको.