पुण्याच्या बदलीची शिकवणी

मी एकाला वर्षभर मराठी शिकवलं, त्याला एक वाक्य धड आलं नाही, तरी स्वतःला मी मोठा मास्तर समजत होतो.

ऑफिसात नुकते कॉम्प्युटर आले होते, ते वर्ष. पत्नी गेली आणि तंजावरच्या आमच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. तेरावा उरकून कामावर गेलो, तर शेजारच्या टेबलावरचा सेल्वम तमिळमध्ये म्हणाला, “राव सार, मी पुण्याला बदली मागितलीय. रोज कॉफीच्या वेळी मराठी शिकवाल?”

बिचाऱ्याला मदत म्हणून मी हो म्हटलं. वीस मिनिटं मी बोलायचो, तो मान डोलवायचा.

“सेल्वम, एव्हाना दगडालासुद्धा मराठी आलं असतं.”

“दगड कॉफी पाजत नाही, सार.”

शेवटी मलाच त्याची दया आली. मॅनेजरांना जाऊन म्हटलं, “सेल्वमची पुण्याची बदली लवकर करा. भाषेचं मी बघतो.”

मॅनेजरांनी चष्मा काढला. “कसली बदली? घरी म्हातारी आई आहे, तंजावरबाहेर पाठवू नका, असा दरवर्षी त्याचा अर्ज असतो. पण तुम्ही म्हणता तर पाठवू.”

“नको, नको!” म्हणत मी बाहेर आलो.

सेल्वम दोन पेले कॉफी घेऊन दाराशीच उभा. “काय म्हणाले, सार?”

“तुझं मराठी फार कच्चं आहे म्हणाले. अजून वर्षभर शिकावं लागेल.”

त्यानं माझा पेला माझ्या हातात दिला.

“दोन वर्षं धरा, सार.”